निरोप पोहोचवावा, संताप नव्हे



देवळात शिरताना आपण पायांतील जोडे बाहेर काढून ठेवतो. कामाच्या जागी शिरताना मात्र पुष्कळ लोक आपला धर्मच दाराबाहेर काढून ठेवतात आणि संध्याकाळी परतताना तो पुन्हा अंगावर घेतात. पूजा, उपवास, कथाकीर्तन ही धर्माची क्षेत्रे, आणि कचेरी, कारखाना, दुकान ही केवळ पोटाची क्षेत्रे, अशी एक वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. आम्हांस ही वाटणी मान्य नाही. सकाळची पूजा पंधरा-वीस मिनिटांची, संध्याकाळचे दर्शन त्याहूनही थोड्या वेळाचे. आणि कामाचे तास आठ, येणेजाणे धरून दहा. त्या दहा तासांत जर धर्माचे काही काम नसेल, तर उरलेल्या अर्ध्या तासात तो आपले काय भले करणार?

आपल्या बडोद्यातील मराठी घरांतून रोज सकाळी कोणी रेल्वेच्या कचेरीत जातो, कोणी बँकेत, कोणी महाराजा सयाजीराव विद्यापीठात, कोणी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, कोणी रुग्णालयात, तर कोणी एखाद्या पेढीवर. संध्याकाळी ही माणसे घरी येतात तेव्हा बरोबर काय आणतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? कामाचा शीण येतो, परंतु तो झोपेने भरून निघतो. लागलेला शब्द मात्र झोपच घेऊन जातो. वरिष्ठाने चारचौघांत केलेला उपमर्द, सहकाऱ्याने मारलेला टोमणा, हाताखालच्याने दिलेले उलट उत्तर, हे सारे डब्याच्या पिशवीबरोबर घरी येते आणि रात्रीच्या पानावर वाढले जाते. ज्या पत्नीचा, ज्या आईचा, ज्या लेकराचा त्या भांडणाशी काडीमात्र संबंध नसतो, त्यांनाच त्याचा पहिला चटका बसतो. बापाची चाहूल लागताच मुले बोलायची थांबतात, अशी घरे आपल्या परिचयाची नाहीत काय? म्हणून कामाच्या जागचे कलह हा आमच्या मते गृहस्थाश्रमाचाच प्रश्न आहे.

एक साधे उदाहरण मनाशी धरू. असे समजा की, दोन सहकारी अकरा वर्षे शेजारीशेजारी बसून काम करीत आहेत. एकाचे वडील आजारी असताना दुसऱ्याने महिनाभर त्याचे काम स्वतः उरकले आहे. दोघांचे डबे एकत्र उघडतात, मुलांच्या मुंजी-लग्नांत दोघांची घरे एकत्र राबली आहेत. एके दिवशी एक महत्त्वाचा कागद अडकतो. साहेब विचारतात आणि पहिला गडबडीत सर्वांदेखत बोलून जातो की, तो कागद यांच्याकडेच पडून आहे. वस्तुतः दुसऱ्याने तो आदल्या दिवशीच पुढे धाडलेला असतो. झाले! त्या दिवसापासून बोलणे बंद. फाइल द्यावयाची तर शिपायाच्या हाती. डबे वेगळे उघडू लागतात. अकरा वर्षांचा स्नेह एका वाक्यात बुडतो आणि ते वाक्य उच्चारणाऱ्यास आपण काय बुडविले याची कल्पनाही नसते.

अशा प्रसंगी मनुष्याने काय करावे? एक पक्ष म्हणतो, गिळावे. सहन करणे हाच धर्म. दुसरा म्हणतो, सोडू नये. जशास तसे उत्तर द्यावे. आमच्या मते हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. गिळलेला राग पोटात राहून कुजतो. ओकलेला राग समोरच्यास भाजतो. तिसरा मार्ग कोणता, हे पाहावयाचे असेल तर आपण वाल्मीकिरामायणातील किष्किंधाकांड उघडून पाहू. कारण ज्यास आज आपण कामातील सहकार्य म्हणतो त्याचा मोठा प्रयोग या कांडात आहे. एका पक्षास हरवलेली पत्नी शोधावयाची आहे, दुसऱ्यास हरवलेले राज्य मिळवावयाचे आहे. दोघांमध्ये करार होतो, एक पक्ष आपले काम पुरे करतो, आणि दुसऱ्याकडून उशीर होतो.

कथा आपणांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातील बारकावे पुष्कळदा कथेच्या ओघात निसटून जातात. वाली मारला गेला, सुग्रीवास राज्य मिळाले, आणि पावसाळा सुरू झाला. पावसाळ्यात शोध अशक्य, म्हणून श्रीराम प्रस्रवण पर्वतावरील गुहेत चार महिने वाट पाहत राहिले. आकाश निवळले, वाटा वाळल्या, तरी किष्किंधेहून कोणी आले नाही. सुग्रीव दीर्घ हालअपेष्टांनंतर लाभलेल्या सुखात काळाचे भान हरपून बसला होता. हनुमंताने, कोणी सांगण्यापूर्वीच, त्याच्यापाशी जाऊन दिलेल्या वचनाची आठवण करून दिली. सुग्रीवाने ती मानली आणि पंधरा दिवसांच्या आत सर्व वानरसेना गोळा करण्याची आज्ञा नीलास दिली. इतके करून तो पुन्हा अंतःपुरात गेला. आता ध्यानात घ्या, आज्ञा सुटली आहे, दूत निघाले आहेत. परंतु प्रस्रवण पर्वतावर याची वार्ता नाही. तेथे दिसते ते इतकेच की, मुदत संपली आणि मित्र आला नाही.

श्रीराम शोकाने व्याकूळ होते. त्या शोकातून संताप उपजला आणि त्यांनी लक्ष्मणाकरवी सुग्रीवास कठोर निरोप सांगितला. वाली ज्या वाटेने गेला ती वाट अजून बंद झालेली नाही, याचे स्मरण देणारा तो निरोप होता. तो ऐकून लक्ष्मण पेटून उठला; आजच सुग्रीवाचा वध करतो, असे म्हणून धनुष्य घेऊन निघाला. येथे श्रीरामांनी जे केले ते प्रत्येक वरिष्ठाने, प्रत्येक वडीलधाऱ्याने हृदयावर कोरून ठेवावे असे आहे. आपल्याच शब्दांनी दुसऱ्याच्या मनात आग लागली, हे त्यांनी ओळखले आणि निघालेल्या भावास थांबविले. असे पाप तुझ्यासारख्याच्या हातून घडू नये, जुना स्नेह आठव, रूक्ष शब्द टाळ, सामोपचाराने बोल, आणि वेळ टळून गेली आहे एवढेच त्यास सांग, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. म्हणजे निरोप मागे घेतला नाही. गाऱ्हाणे खरे होते, ते पोहोचणे आवश्यक होते. मात्र त्या गाऱ्हाण्याबरोबर जो जाळ चालला होता तो त्यांनी काढून घेतला. निरोप पोहोचवावा, संताप पोहोचवू नये, हे आजच्या चिंतनाचे सूत्र आम्ही याच प्रसंगातून घेतले आहे.

लक्ष्मणाचा राग एका सांगण्याने निवला नाही, हेही कवीने लपविलेले नाही. वाटेतील वृक्ष मोडीत तो किष्किंधेस पोहोचला. त्याचे रूप पाहून वानरांनी झाडे आणि शिळा हाती घेतल्या. रागाचे हे लक्षणच आहे. तो आपल्या आधी पोहोचतो आणि समोरच्यास शस्त्र उचलावयास लावतो. आपण दार ढकलून, कागद आपटून साहेबांच्या खोलीत शिरलो, तर आपले म्हणणे ऐकण्यापूर्वीच समोरचा मनुष्य बचावाची तयारी करतो. मग म्हणणे कितीही खरे असो, ते ऐकावयास तेथे कोणी उरत नाही.

इकडे सुग्रीवास जागे करण्यात आले. त्याचा पहिला उद्गार काय होता? आपण काहीच वावगे केले नाही, कोणीतरी शत्रूने लक्ष्मणाचे कान भरले असावेत! पाहा, मनुष्यस्वभाव युगानुयुगे कसा एकसारखा आहे. चूक दाखविली गेली की आपणही प्रथम चुगलखोर कोण याचा शोध घेतो. परंतु सुग्रीवाजवळ हनुमंत होता. त्याने राजास स्पष्ट सांगितले की, शरद्‌ऋतू आला तो तुमच्या ध्यानात राहिला नाही, अपराध आपला आहे, श्रीरामांचा राग प्रेमातून आलेला आहे, तेव्हा हात जोडून क्षमा मागणे हेच उचित. मंत्र्याने भय टाकून राजाच्या हिताचे बोलावे, हे कर्तव्य त्याने पार पाडले. वरिष्ठाच्या पाठीमागे त्याची निंदा करणारे प्रत्येक कचेरीत पुष्कळ असतात. त्याच्यापुढे आदराने उभे राहून खरे सांगणारा एखादाच असतो. हनुमंताची उपासना करणाऱ्याने शनिवारी मारुतीला तेल वाहावेच, परंतु सोमवारी कामावर गेल्यावर त्याचा हा गुणही थोडासा अंगी आणावा.

त्यानंतर लक्ष्मणास सामोरी गेली ती तारा. ती कोण होती, याचा क्षणभर विचार करा. ती वालीची विधवा. जिच्या पतीचा प्राण श्रीरामांच्या बाणाने गेला, ती आता श्रीरामांच्या भावाचा राग शांत करावयास उभी आहे. रागावण्याचा अधिकार त्या प्रसंगी सर्वांत अधिक कोणास असेल तर तो तिला होता. तिला पाहताच लक्ष्मणाने मान खाली घातली. तिने प्रथम विचारले ते इतकेच की, राजपुत्रा, तुझ्या रागाचे कारण काय? त्यानंतर ती म्हणाली की, श्रीरामांचा कोप मी जाणते, कार्याला झालेला उशीर जाणते, तुम्ही आमच्यासाठी केलेले कार्यही जाणते. सुग्रीवाची बाजू मांडण्यापूर्वी तिने लक्ष्मणाची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडली. रागावलेल्या मनुष्यास प्रथम हवे असते ते हेच. आपले दुःख समोरच्याने जाणले, अशी खात्री झाल्याखेरीज त्याच्या कानात कोणतेही स्पष्टीकरण शिरत नाही. आपण मात्र समोरच्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच ‘पण’ हा शब्द उच्चारतो, आणि विझू पाहणाऱ्या निखाऱ्यावर फुंकर घालतो.

लक्ष्मण आत गेला. सुग्रीवास स्त्रियांच्या मेळाव्यात आसनावर बसलेला पाहून त्याचा राग पुन्हा उसळला आणि त्याने कृतघ्न, वचनभंग करणारा असे कठोर शब्द ऐकविले. एकदा शमलेला राग पुन्हा उठतो, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. ताराही निराश झाली नाही. सुग्रीव कृतघ्न नाही, असे तिने ठामपणे सांगितले, आणि सेना गोळा करण्याची आज्ञा पूर्वीच सुटली आहे, ही वस्तुस्थिती त्याच्यापुढे ठेवली. लक्ष्मणास ठाऊक नव्हते ते हेच! ज्या कामासाठी तो धनुष्य घेऊन आला होता ते काम सुरू झालेले होते. मग सुग्रीवाने गळ्यातील माळ तोडून टाकली आणि सबबी न सांगता श्रीरामांचे उपकार मान्य करून क्षमा मागितली. आणि लक्ष्मणाने काय केले? आपण जिंकलो असे म्हणून तो परत फिरला नाही. भावाचा शोक ऐकून आपल्या तोंडून जे कठोर शब्द निघाले त्यांबद्दल त्यानेही सुग्रीवाची क्षमा मागितली. गाऱ्हाणे खरे असूनही शब्द चुकीचे असू शकतात, हे कबूल करण्यास मोठे मन लागते.

त्या दिवशी बाण सुटला असता तर काय झाले असते? सुग्रीव गेला असता, सेना पांगली असती, चारही दिशांस शोधपथके निघाली नसती. दक्षिणेकडे अंगद, जांबवंत आणि हनुमंत गेले नसते, आणि अशोकवनातील सीतामाईस श्रीरामांची अंगठी कोणी दिली असती? एका मनुष्याच्या घटकाभराच्या रागावर सारे रामायण तोलून राहिले होते.

याच कांडात याच्या उलट प्रसंगही आहे. वाली मायावी नावाच्या असुराच्या मागे बिळात शिरला. सुग्रीव दाराशी वर्षभर थांबला. मग आतून रक्ताचा लोट आला तेव्हा भाऊ मेला असे समजून त्याने बिळाच्या तोंडावर शिळा लोटली आणि तो परतला. मंत्र्यांनी त्यास राज्यावर बसविले. वाली जिवंत परत आला. सुग्रीवाने मुकुट त्याच्या पायांवर ठेवून सारे सांगितले, परंतु वालीने ऐकले नाही. त्याने मनाशी एक अर्थ ठरविला होता आणि त्यापुढे विचारण्याची त्यास गरज वाटली नाही. त्याचा शेवट भावाभावांच्या वैरात आणि वालीच्या मृत्यूत झाला. पहा, दोन्ही ठिकाणी गैरसमज होता, दोन्ही ठिकाणी राग सकारण वाटत होता. एके ठिकाणी ऐकले गेले, म्हणून कार्य सिद्धीस गेले. दुसऱ्या ठिकाणी ऐकले गेले नाही, म्हणून घर बुडाले.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णांनी अधःपाताच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, आणि त्यातून बुद्धिनाश. यांतील स्मृतिभ्रंश या पायरीकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधतो. राग प्रथम आठवण नेतो. आमच्या उदाहरणातील दोघांस अकरा वर्षे आठवत नाहीत, एक वाक्य तेवढे आठवते. म्हणूनच श्रीरामांनी लक्ष्मणास औषध दिले ते स्मृतीचेच. जुना स्नेह आठव! ज्याच्यावर राग आला त्याने आपल्यासाठी पूर्वी केलेली एक तरी चांगली गोष्ट मनात आणावी, आणि मग बोलावयास जावे. गाऱ्हाणे तेच राहील. परंतु ते सांगणारा आवाज पालटलेला असेल.

गीतेच्याच सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे दुसऱ्यास उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, असे त्याचे स्वरूप. आपल्यापैकी पुष्कळांस यातील एकच कसोटी पुरेशी वाटते. ‘आम्ही खरे तेच बोललो,’ असे म्हणून ते छाती पुढे काढतात. आपणां मराठी माणसांस तर रोखठोक बोलण्याचा अभिमानच आहे. परंतु आपण पिढ्यान्‌पिढ्या गुजराती समाजात राहत आलो आहो. सहकाऱ्याच्या नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बहेन’ जोडून मगच मुद्द्याचे बोलण्याची येथील रीत आहे. त्या एका शब्दाने तक्रारीस एक श्वासाचा अवकाश मिळतो आणि नाते आधी, काम मागून, असा क्रम राहतो. आपले सरळ वाक्य आपल्या कानास निष्कपट वाटते, तेच शेजारच्या टेबलावरील कानास कठोर वाटू शकते. सत्य न सोडता शेजाऱ्याची ही चांगली रीत उचलली, तर त्यात आपला मराठीपणा उणावत नाही.

आजच्या काळाने या बाबतीत एक नवीच अडचण आणली आहे. श्रीरामांस निघालेल्या लक्ष्मणाला हाक मारून थांबविता आले. आज मोबाइलवर बोट टेकले की निरोप निघालाच. पूर्वी चौघांत झालेला अपमान कचेरीच्या व्हॉट्सॲप गटावर चाळीसांसमोर होतो, आणि ज्याचा झाला तो रात्री उशाशी घेऊन तो पुनःपुन्हा वाचतो. म्हणून रागात लिहिलेला मजकूर एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी स्नानसंध्या झाल्यावर तो वाणीच्या त्या चार कसोट्यांवर घासून पाहावा. उरेल तो निरोप, जळेल तो संताप.

ज्या शहाणपणाचा आपण येथे विचार करीत आहो त्यास आज मानसशास्त्रात भावनिक बुद्धिमत्ता असे नाव आहे. अमेरिकेतील पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली या कल्पनेची शास्त्रीय मांडणी केली, आणि 1995 साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती सामान्य वाचकांत पसरविली. सॅलोव्हे आणि मेयर यांनी पुढे या बुद्धीची चार अंगे सांगितली: आपल्या व दुसऱ्याच्या मनातील भाव ओळखणे, त्या भावाचा विचारास उपयोग करणे, तो कोठून आला आणि कोठे जाईल हे समजणे, आणि त्यास आवर घालून योग्य वळण देणे. ज्यांनी किष्किंधाकांड लक्षपूर्वक ऐकले त्यांस यात ओळखीचे चेहरे दिसतील. लक्ष्मणाच्या मनातील भाव ओळखला तो तारेने. श्रीरामांचा राग प्रेमातून आला हे समजले ते हनुमंतास. आणि निघालेल्या रागास वळण दिले ते स्वतः श्रीरामांनी. आधुनिक शास्त्र आमच्याच ग्रंथांतून निघाले, असा पोकळ दावा आम्ही करीत नाही. मनुष्याचे मन एकच आहे आणि त्याकडे निरखून पाहणारे पुष्कळदा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

आतापर्यंत आपण बाहेर पडणाऱ्या रागाचा विचार केला. आत शिरून दार लावून घेणारा रागही तितकाच घातक असतो. आळंदीची कथा आपण ऐकली आहे. लोकांच्या वागण्याने मन विटून ज्ञानदेवांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली, आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभी राहून त्यांना ताटी उघडण्याची विनवणी केली. त्या विनवणीचे अभंग ताटीचे अभंग म्हणून वारकरी संप्रदायात आजही गाइले जातात. या कथेत दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. एक, ज्ञानदेवांसारख्यांसंबंधीही परंपरेने ही कथा सांगितली, झाकली नाही. दुसरी, दार उघडावयास लावणारी व्यक्ती वयाने लहान होती. अबोला मोडण्यासाठी मोठा कोण, चूक कोणाची, असा हिशेब करीत बसलो तर ताट्या कधीच उघडणार नाहीत. ज्यास प्रथम सुचेल त्याने प्रथम हाक मारावी.

येथे कोणी शंका घेईल की, हे सारे ऐकून दुर्बळाने मुकाट्याने सोसत राहावयाचे की काय? मुळीच नाही. श्रीराम गप्प बसले नाहीत, त्यांनी निरोप पाठविला. तारेने सुग्रीवाची बाजू सोडली नाही. मन आवरणे आणि अन्याय झाकणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कष्टाचा पैसा अडविला जात असेल, हेतुपुरस्सर छळ होत असेल, तर शांत शब्दांत, तारखांसह, लेखी गाऱ्हाणे वर मांडणे हे कर्तव्यच आहे. आपल्या लेकी-सुनांविषयी तर हे अधिक स्पष्टपणे सांगावयास हवे. कामाच्या जागी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये यासाठी 2013 साली आपल्या देशात कायदा झाला, आणि दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले. अशा प्रसंगी मुलीला ‘जरा सांभाळून घे’ असा उपदेश करणारे घर अन्यायास हातभार लावते. तिच्या पाठीशी उभे राहावे आणि तिचा निरोप योग्य ठिकाणी पोहोचेल असे पाहावे, हाच तेथे धर्म होय.

आणि जे कोणी वरिष्ठ आहेत त्यांनाही एक विनंती. चारचौघांत स्तुती करावी, चूक एकांतात सांगावी. ज्याची मान आपण सर्वांदेखत खाली घालावयास लावतो, तो संध्याकाळी एका घराचा कर्ता म्हणून उंबऱ्यात उभा राहणार असतो. त्याची मान तेथे ताठ राहावी, याची थोडी जबाबदारी आपल्याही शब्दांवर आहे.

तात्पर्य, आम्ही सर्व सभासद कुटुंबांस एक लहानसा नियम सुचवितो. त्यास व्रत म्हणा, संकल्प म्हणा. कामाहून परतल्यावर जोडे काढताना उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबावे आणि मनास विचारावे की, आज आपण आत काय घेऊन जात आहो? संताप असेल तर त्यात निरोप कोणता, हे वेगळे काढावे. तो उद्या ज्याचा त्यास सांगण्यासाठी जपून ठेवावा. आणि उरलेला जाळ जोड्यांबरोबर बाहेर ठेवावा. घरच्या मंडळींनीही आल्याआल्या प्रश्नांचा भडिमार न करता पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि तारेप्रमाणे एकदाच विचारावे की, मन कशाने दुखावले? पुष्कळदा तेवढ्यानेच निम्मे ओझे उतरते.

आणि ज्याच्याशी बोलणे थांबले आहे असा एखादा सहकारी आपल्या मनात आत्ता आला असेल, तर त्याच्यासाठी पुढच्या सणाची किंवा मुहूर्ताची वाट पाहू नये. उद्या सकाळी कामावर गेल्यावर त्यास नावाने हाक मारावी. काय घडले होते ते त्याच्याच तोंडून एकदा ऐकून घ्यावे. कदाचित त्याने धाडलेला कागद आदल्या दिवशीच निघालेला असेल, आणि आपणांस ते ठाऊक नसेल.

प्रभू रामचंद्र आपणां सर्वांस ही सद्बुद्धी देवोत.

श्रीरामार्पणमस्तु.